वाळूचा कॅमेरा

मास्तरांनी आयुष्यात कॅमेरा शिवला नव्हता. कोट शिवले, शाळेचे गणवेश शिवले, एका जादूगाराच्या डगल्याला आतून सहा चोरखिसे लावून दिले आणि ते कुठे होते हे आजतागायत कुणाला सांगितलं नाही. पण कॅमेरा शिवायची वेळ आली ती वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, शिलाईचं दुकान बंद करून मशीन घरातल्या खिडकीपाशी आणून ठेवल्यावर.

"आजोबा, लेन्स अजून लांब पाहिजे," टिकली म्हणाली. "खरी लेन्स माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत येते."

टिकली म्हणजे त्यांची नात. वय नऊ, उंची बेताची, आणि चूक काढायची हौस दांडगी. मास्तरांनी कॅनव्हासची नळकांडी उसवली आणि चार बोटं वाढवून पुन्हा मशीनखाली धरली.

टेबलावर स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवला होता. टिकलीच्या आईने आपलं खरं सामान एकेक करून त्यावर ठेवलं होतं आणि टिकलीने वहीत लिहून घेतलं होतं. मोठी लेन्स चार किलो, कॅमेरा दीड, छोटी लेन्स एक, तिपाई अडीच, पाणी, डबा आणि रेनकोट मिळून दोन. एकूण अकरा. आता तेवढ्याच वजनाच्या, तशाच आकाराच्या पिशव्या शिवून त्यांत चाळलेली वाळू भरायची होती.

"पण खरंच सामान का नाही न्यायचं?"

"जिन्यात तोल गेला आणि वाळू सांडली, तर झाडता येते. लेन्स फुटली तर तुझी आई रडेल."

"वाळू सांडली तर तुम्ही रडाल. झाडायला तुम्हीच असता."

"म्हणून तर दुहेरी टीप मारतोय."

टिकलीच्या आईला घरात सगळे बगळी म्हणत. नाव मास्तरांनीच ठेवलेलं. दहाव्या वर्षी पोरीचे पाय असे सुटले होते, की कमरेला नीट बसणारा फ्रॉक गुडघ्याच्या वर वीतभर जाई. पाय ताडासारखे आणि पाठ एवढीशी. पुढे तिने पक्ष्यांचे फोटो काढायचं काम धरलं, तेव्हा ते नाव आणखीच चिकटलं. टिकलीचे बाबा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यात. त्यामुळे घरात माणसं तीनच.

मागच्या वर्षी डोंगर उतरताना बगळीची एका पट्ट्याची पिशवी खांद्यावरून झोका घेऊन बाजूला गेली आणि पिशवीबरोबर बगळीही गेली. डाव्या खांद्याजवळचं, गळ्याखालचं हाड मोडलं. तिचा हात झोळीत होता त्या दिवसांत तिच्या शर्टाची बटणं मास्तर लावून देत. हजारो शर्टांना बटणं लावलेली ती बोटं लेकीच्या गळ्यापाशी आली की हळू होत, कारण तिथे सूज होती. हे बटण लावणं त्यांच्या मनातून गेलंच नाही. हाड जुळलं, डॉक्टरांनी "ओझं घ्या, पण खांद्यावर सगळा भार नको" असं सांगितलं, तरी गेलं नाही.

आणि आता वनखात्याचं पत्र आलं होतं. एका कड्यावर मोठ्या गरुडांच्या जोडीने घरटं केलं होतं. अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत दर आठवड्याला फोटो हवे होते. चार तासांची चढण आणि वर बसायला एकच कपार. तिथे दुसरं माणूस आलं तर पक्षी घरटं सोडतील, म्हणून जाणाऱ्याने एकट्याने जायचं, आपलं सामान आपण न्यायचं. होय की नाही ते पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं. दुसरा एक जण तयारच होता.

बगळीने स्वतःशी सौदा केला होता. सात दिवस, अकरा किलो, इमारतीचे चार मजले, रोज दहा फेऱ्या. सातव्या दिवशी खांदा गप्प राहिला तर होय. नाहीतर मोठी लेन्स विकून टाकायची आणि स्टुडिओत बसून ओळखपत्रांचे फोटो काढायचे.

"त्यातही मजा असते," ती म्हणाली. "लोक पक्ष्यांपेक्षा जास्त हलतात." हे बोलताना ती हसत होती, पण हात लेन्सवरून फिरत होता, आजारी मुलाच्या कपाळावरून फिरावा तसा.

सामान पाठीवर न्यायची नवी पिशवी आदल्याच दिवशी आणली होती. डोंगरावरच्या सामानाचं ते दुकान चालवणाऱ्या बाई तरुणपणी बर्फातले डोंगर चढलेल्या. आवाज असा, की पलीकडच्या कड्यावरच्या माणसाशी बोलतायत. त्यांचा एक चांगला नियम होता. पिशवी घरी न्या, सात दिवस घरातल्या घरात पाठीवर घेऊन फिरा, नाही पटली तर बदला.

बगळीने तीन पिशव्या घालून बघितल्या. पहिली पाठीला फळी बांधल्यासारखी. दुसरी फक्त वरून उघडणारी, म्हणजे तळातला कॅमेरा काढायला सगळं बिऱ्हाड बाहेर. तिसरी निळी. ती पाठीच्या बाजूने पुस्तकासारखी उघडत होती आणि आत मऊ कप्पे होते. बगळीचा चेहरा तिथेच खुलला. बाईंनी मान वर करून तिची उंची बघितली, भिंतीवरचा तक्ता बघितला आणि म्हणाल्या, "एवढ्या उंच बाईला मोठ्याच मापाची लागणार."

मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. त्यांनी एका नजरेत बघितलं, की माप चुकलंय. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसायला हवा, तो चार बोटं खाली नुसताच लोंबत होता. म्हणजे तो पट्टा शोभेचा, आणि सगळा भार खांद्यांवर. पन्नास वर्षं माणसांच्या पाठी मोजलेल्या माणसाला यासाठी टेप काढावी लागत नाही. ते सांगायला उठलेही.

मग वाटलं, पिशवी टोचली तर टोचू दे. सात दिवसांत कंटाळून नाही म्हणेल. नाही म्हणाली तर पुन्हा कधी कड्यावर जाणार नाही.

ते न सांगताच खाली बसले.

सोमवारपासून चढणं सुरू झालं. मास्तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्टूल टाकून बसत. टिकली वर, चौथ्या मजल्यावर, घराच्या दारात. प्रत्येक फेरीला ती वाटीत एक बटण टाकी. त्यासाठी तिने आजोबांकडून दहा बटणं मोजून घेतली होती. तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी पहिल्या दिवशी दार उघडून उभे राहिले.

"काय हो मास्तर, घर बदलताय का? ही चौथ्यांदा सामान घेऊन वर चाललीय. ठेवताय कुठे एवढं?"

"खाली आणतोय तेच परत," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बगळीच्या खांद्यावर लाल वळ उठला. तिसऱ्या दिवशी, सहाव्या फेरीला, बराच वेळ तिची पावलं ऐकू आली नाहीत म्हणून मास्तरांनी कठड्यावरून वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती भिंतीला कपाळ टेकून उभी होती. डोळे मिटलेले, ओठ दाताखाली. कुणी बघत नाहीये असं समजून माणूस उभं राहतं तशी. मग तिने पाठ सरळ केली, चेहऱ्यावर हसू घातलं आणि वर जाऊन विचारलं, "टिकले, किती झाल्या?"

"सहा."

"मग काय, चारच."

मास्तरांना हवं होतं तेच तर होत होतं. तरी ते कठड्यापासून मागे सरले. लेकीने हरावं असं वाटणं निराळं आणि तिला हरताना बघणं निराळं.

दुपारी बगळी बाहेर आणि टिकली शाळेत गेल्यावर त्यांनी वाळूच्या लेन्सची शिवण उसवली. दोन वाट्या वाळू काढली, जागा चिंध्यांनी भरली, म्हणजे आकार तोच राहील, आणि जुन्याच भोकांतून त्याच रंगाच्या दोऱ्याने शिवून टाकली. ज्याने जादूगाराला चोरखिसे शिवून दिले, त्याला हे काय अवघड? वाळू बटणांच्या मोठ्या डब्यात गेली. चौथ्या दिवशी तिपाई हलकी झाली. पाचव्या दिवशी पुन्हा लेन्स.

सहाव्या दिवशी, शनिवारी, बगळी दहा फेऱ्या न थांबता चढली. गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले, आणि डोळ्यांत वर्षभरात न दिसलेली चमक.

"बाबा, सवय झाली," ती म्हणाली. "आज खांदा बोललासुद्धा नाही. उद्याचा दिवस कशाला, संध्याकाळीच फोन करून होय सांगते." आणि गुणगुणत आंघोळीला गेली.

मास्तर स्टुलावर बसूनच राहिले. आता कुठे त्यांना आपण काय करून बसलो ते पुरतं दिसलं. पिशवी चुकीची आहे हे तिला ठाऊक नाही. वजन अकरा नाही, सात-साडेसात आहे, हेही ठाऊक नाही. ती हसत हसत खरं सामान पाठीवर घेणार आणि चार तासांच्या चढणीवर एकटी निघणार. तिला थांबवायला म्हणून गप्प बसले आणि तिला दुखू नये म्हणून वाळू काढली. दोन्ही मिळून त्यांनीच तिला ढकललं होतं.

वर घरातून टिकलीची हाक आली. "आजोबा, बटणांच्या डब्यात समुद्रकिनारा झालाय."

ते वर पोचले तोवर तिने वाळूची लेन्स वजनकाट्यावर ठेवली होती. एक बटण हरवलं म्हणून दुसरं घ्यायला तिने डबा उघडला होता, आणि नऊ वर्षांच्या मुलीला दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ लागणार?

"ही चार किलोची होती. आता पावणेदोन आहे," ती म्हणाली. मग आजोबांकडे बघून तिचा आवाज खाली आला. "तुम्ही केलं?"

"मी केलं."

"का?"

"तुझ्या आईचा खांदा दुखत होता, ते बघवेना. पण चूक झाली." मास्तर खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या पातळीला आले. लहानांना काही समजावताना ते नेहमी असेच बसत. आज समजून त्यांनाच घ्यायचं होतं. "तुझ्या हातून चूक झाली की तू काय करतेस?"

टिकलीने विचार केला. "आधी सांगते, मग रडते."

"आणि उलटं केलं तर?"

"उलटं केलं की रडण्यातच वेळ जातो. सगळे गप्प गप्प म्हणतात आणि सांगायचं राहूनच जातं."

बगळी केस पुसत बाहेर आली. टेबलावर वाळूची लेन्स, शेजारी उघडा डबा आणि डब्यामागे उभे वडील. मास्तरांनी सगळं सांगितलं. तिसरा मजला, भिंतीला टेकलेलं कपाळ, दोन वाट्या, चिंध्या. ऐकताना तिचा टॉवेल हातात तसाच राहिला.

"त्या चढणीवर वाळू काढायला तुम्ही येणार होतात का, बाबा?" शेवटी तिने विचारलं.

"नाही."

"मी जाऊ नये असं वाटत होतं, तर तसं म्हणायचं."

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही. भांडले असते. पण भांडण बरं असतं. त्यात समोरचा कुठे उभा आहे ते दिसतं."

मास्तरांना वाटलं, इथेच थांबावं. एवढं पुरे. पण टिकली बघत होती, आणि आधी सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

"आणखी एक आहे," ते म्हणाले. "पिशवी तुझ्या मापाची नाही. दुकानातच दिसलं होतं मला. बोललो नाही."

हे मात्र तिला लागलं. वाळूपेक्षा जास्त लागलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"म्हणजे माझ्या खांद्यात काही खोट नव्हती," ती सावकाश म्हणाली. "चार दिवस मी त्यालाच दोष देत होते. मला बगळी म्हणता तुम्ही. पाय लांब, पाठ आखूड. तुम्हीच ठेवलंय हे नाव."

"म्हणूनच तर दिसलं."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

टिकली आणि मास्तर समोरासमोर बसून राहिले. टिकलीने हळूच विचारलं, "आता रडायचं का?" मास्तर म्हणाले, "थोडं थांबू."

अर्ध्या तासाने दार उघडलं. बगळी आली आणि वडिलांकडे पाठ करून, हात अंगापासून थोडे लांब धरून उभी राहिली. लहानपणी नव्या फ्रॉकच्या वेळी उभी राहायची, अगदी तशी.

"घ्या माप," ती म्हणाली.

मास्तरांनी खिशातून टेप काढली. ती उलगडत त्यांनी टिकलीला जवळ बोलावलं.

"बघ. आईने मान पुढे वाकवली की मानेच्या बुडाशी एक हाड वर येतं. सापडलं? माप तिथून सुरू. आता बगळे, दोन्ही हात कमरेवर ठेव, अंगठे मागे. कमरेचं हाड जिथे लागतं तिथे. त्या दोन अंगठ्यांच्या मधोमध माप संपतं. माणूस केवढा उंच आहे हे पिशवी विचारत नाही. पाठ केवढी, एवढंच विचारते."

"एक्केचाळीस सेंटिमीटर," टिकलीने वाचलं.

"आणलेली आहे एक्कावन्नची. दहाचा फरक. आणि आता हे दोघींनी ऐका. कोट टांगायचा खांद्यावर, पँट बसवायची कमरेवर. ही पिशवी दिसते कोटासारखी, पण घालायची पँटीसारखी. आधी कमरेचा पट्टा हाडावर आवळायचा. खांद्याचे पट्टे त्यानंतर, आणि दोन बोटं जातील इतके सैल. भार पायांनी न्यायचा. तुझ्याकडे पायांना काय तोटा?"

बगळी पाठमोरीच होती. हसली की नाही ते दिसलं नाही, पण खांदे एकदा हलले.

रविवारी सकाळी तिघंही दुकानात गेले. मास्तरांनी माप सांगितल्यावर बाईंनी आपल्या कपाळावर हात मारून घेतला. "मी तक्ता बघितला, पाठ बघितलीच नाही. माझं चुकलं."

"तुमचं नाही," मास्तर म्हणाले. "तुमच्या दुकानात त्या दिवशी एक शिंपी बसला होता. त्याचं चुकलं."

आखूड मापाची एकच पिशवी शिल्लक होती, मोहरीसारख्या पिवळ्या रंगाची. बगळीने तोंड वाकडं केलं. "गरुड मला बघून हसतील."

"हसताना फोटो चांगला येतो," टिकली म्हणाली.

घरी आल्यावर बगळीने टेबलावर वाळूच्या पिशव्या मांडल्या आणि कात्री वडिलांच्या हातात दिली. "तुम्ही काढलीत, तुम्हीच भरा." मास्तरांनी डब्यातली वाळू वाटी वाटीने परत घातली. तिच्यातून तीन बटणं निघाली. टिकली काट्याशी डोळे लावून बसली होती. "अजून. अजून चिमूटभर. हां, चार किलो." लेन्स पाठीला अगदी लागून, मधल्या कप्प्यात गेली. तिपाई बाजूला. एकूण अकरा. टिकलीने दोनदा बेरीज केली, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर.

"बाबा, आज दुसऱ्या मजल्यावर नका बसू," बगळी पट्टा आवळत म्हणाली. "तिसऱ्यावर बसा. मी थांबते ती तिथेच."

ते तिसऱ्यावर बसले. एक, दोन, तीन फेऱ्या झाल्या. पावलं जड होती, पण एका लयीत. सहाव्या फेरीला ती वळणावर आली आणि थांबली. भिंतीला कपाळ टेकलं.

मास्तर अर्धे उठले. पाठीमागे जाऊन त्या पिशवीला खालून नुसता हात लावावा, एवढंच त्यांच्या हातांना हवं होतं. त्यांनी एक हात दुसऱ्यात घट्ट धरून ठेवला.

"खांदा?" त्यांनी विचारलं.

"नाही. दम लागलाय. वर्षभर बसून होते ना."

"खरं सांगतेस?"

तिने कपाळ भिंतीवरून न उचलता मान वळवली. "मी वाळू काढत नाही, बाबा."

ते खाली बसले. ती चार श्वास थांबली आणि वर गेली.

वाटीत दहावं बटण पडल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. बगळी खाली येऊन पायरीवर बसली, शर्टाचं वरचं बटण काढून खांदा बाहेर काढला आणि वडिलांना दाखवला. जुना वळ पिवळा पडत चालला होता. नवा नव्हता.

"कंबर मात्र बोंबलतेय," ती म्हणाली.

"ती बोंबलेल चार दिवस, मग ऐकेल."

सोमवारी सकाळी तिने वनखात्याला फोन लावला. मास्तर मशीनवर बसून ऐकत होते. "होय, एकटीच. होय, सगळं सामान घेऊन." त्यांना तोच जुना घोर लागला. तो जाणार नव्हताच. फक्त आता तो त्यांचा त्यांनी सांभाळायचा होता.

ती फोन ठेवून आली तेव्हा त्यांनी विचारलं, "बगळे, पिशवीला आतून एक चोरखिसा लावू का? या वेळी सांगून लावतोय."

"कुठे?"

"पाठीच्या उशीमागे, डावीकडे. सुई, दोरा आणि शर्टाचं एक बटण. वर एकटी असताना तुटलं तर."

बगळीने पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "वजन झालं पाहिजे. त्याशिवाय काही आत जाणार नाही."

टिकलीने ताबडतोब वजनकाटा आणला. त्यावर सुई ठेवली, दोऱ्याची गुंडाळी ठेवली, बटण ठेवलं आणि वाट बघितली.

"आजोबा, काटा हललाच नाही. शून्य."

"असू दे," मास्तर म्हणाले. "तरी वहीत लिहून ठेव."